नीटच्या पहिल्या प्रयत्नात एमबीबीएसची जागा मिळाली नाही तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकाल लागला, प्रवेशाच्या फेऱ्या संपल्या आणि जागा मिळाली नाही. पुन्हा बसण्याचा निर्णय घेण्यापूर्वी सर्वांत आधी काय पाहावे?

जागा नेमकी कुठे हुकली, हे पाहावे. आपल्याकडे, पुढे सांगितलेला एक अपवाद वगळता, एमबीबीएसच्या प्रवेशाला मुलाखत नाही, निबंध नाही, शिफारसपत्र नाही आणि सेवाकार्याचे गुणही नाहीत. त्यामुळे जागा हुकण्याची ठिकाणे मोजकीच उरतात: नीटचे गुण, प्रवर्गाची व अधिवासाची कागदपत्रे, आणि पसंतीक्रमाचा अर्ज. बहुतेक घरांत निकालानंतर एकच वाक्य ऐकू येते, "अभ्यास कमी पडला." पुष्कळदा ते खरेही असते. परंतु जात वैधता प्रमाणपत्र वेळेत न आल्यामुळे खुल्या प्रवर्गात ढकलले गेलेले आणि पसंतीक्रमात मोजकीच महाविद्यालये भरून मिळण्यासारखी जागा गमावलेले विद्यार्थी दरवर्षी दिसतात. अशा विद्यार्थ्याने आणखी वर्षभर रोज बारा तास अभ्यास केला, तरी मूळ दुखणे जिथल्या तिथेच राहते.

दुसऱ्यांदा परीक्षा दिली म्हणून गुणवत्ता यादीत काही वजावट होते का?

नाही. नीट किती वेळा द्यावी यावर मर्यादा नाही आणि वयाची कमाल अटही नाही. प्रवेशाच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षे पूर्ण असणे एवढीच अट आहे. हा विद्यार्थी पहिल्यांदा बसलेला की तिसऱ्यांदा, याचा गुणवत्ता यादीशी संबंध नसतो. मात्र भारतातील प्रवेशासाठी नीटचे गुण त्या एकाच वर्षापुरते चालतात. गेल्या वर्षीचे चांगले गुण राखून ठेवून यंदा फक्त फेऱ्यांत उतरता येत नाही.

गेल्या वर्षीच्या कटऑफपेक्षा मला चाळीस गुण कमी होते. म्हणजे यंदा चाळीस गुण वाढवले की झाले, असे समजावे का?

असे समजू नये. या एका गैरसमजापायी अनेकांचे वर्षभराचे नियोजन चुकते. गुण हे त्या वर्षीच्या प्रश्नपत्रिकेशी बांधलेले असतात, तर जागा क्रमांकावर मिळते. २०२४ मध्ये सर्वोच्च गुण ७२० होते आणि खुल्या प्रवर्गाची पात्रता रेषा १६२ वर होती. २०२५ मध्ये भौतिकशास्त्राचा भाग अवघड निघाला, सर्वोच्च गुण ६८६ वर थांबले आणि पात्रता रेषा १४४ वर आली. त्या वर्षी देशभरात बावीस लाखांहून अधिक विद्यार्थी परीक्षेला बसले, तरीही सहाशेच्या वर गुण मिळवणारे दीड हजारांपेक्षा कमी होते. आदल्या वर्षी मात्र सहाशे गुण मिळवूनही सरकारी जागेची खात्री नसलेले हजारो विद्यार्थी होते.

म्हणून उद्दिष्ट ठरवताना राज्य गुणवत्ता क्रमांकाचा विचार करावा. राज्यातील प्रवेश प्रक्रिया राबवणाऱ्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावरील मागील दोन-तीन वर्षांच्या निवड याद्या काढाव्यात, तुमच्या प्रवर्गात शेवटची सरकारी जागा कितव्या क्रमांकाला गेली ते लिहावे आणि त्याशेजारी तुमचा क्रमांक मांडावा. अंतर दोन-चारशे क्रमांकांचे असेल तर प्रश्न एका प्रकारचा असतो, दहा हजारांचे असेल तर पूर्णपणे दुसऱ्या प्रकारचा. नवीन महाविद्यालये सुरू झाली की हा शेवटचा क्रमांक पुढे सरकतो. २०२४ मध्ये गडचिरोली, हिंगोली, वाशिम, जालना, भंडारा अशा ठिकाणी एकाच वर्षी दहा सरकारी महाविद्यालये सुरू झाली, तेव्हा हे स्पष्ट दिसले. अशी भर दरवर्षी पडेल, असे मात्र गृहीत धरू नये.

माझ्या चुका नेमक्या कोणत्या, हे कसे शोधावे?

प्रश्नपत्रिका परीक्षेनंतर घरी नेता येते, उत्तरपत्रिकेची स्कॅन केलेली प्रत एनटीए ही परीक्षा घेणारी संस्था नोंदणीकृत ई-मेलवर पाठवते आणि अंतिम उत्तरसूचीही जाहीर होते. ही तिन्ही कागदपत्रे समोर ठेवून एक पूर्ण दिवस बसावे. परीक्षा १८० प्रश्नांची, १८० मिनिटांची आणि ७२० गुणांची असते. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला एक गुण जातो.

एक नमुना घेऊ. एखाद्या विद्यार्थ्याने १६८ प्रश्न सोडवले, त्यांपैकी ११८ बरोबर आले आणि ५० चुकले. म्हणजे ४७२ वजा ५०, अर्थात ४२२ गुण. आता त्या ५० चुकांची फोड करावी. समजा १४ प्रश्न येत असूनही चुकले: कुठे 'अयोग्य विधान ओळखा' याऐवजी योग्य विधान निवडले, कुठे सेंटिमीटरचे मीटर करायचे राहिले, कुठे उत्तरपत्रिकेवर शेजारचे वर्तुळ रंगवले. १६ प्रश्नांत संकल्पनाच कच्ची होती. उरलेले २० अंदाजाने सोडवले होते.

अशा वेळी "अंदाज लावू नकोस" हाच सल्ला सर्वप्रथम मिळतो, पण तो देण्याआधी अंदाजाने बरोबर आलेले प्रश्नही मोजायला हवेत. ते आठ असतील तर ३२ गुण मिळाले आणि २० गेले, म्हणजे अंदाजाने १२ गुणांचा फायदाच झाला. चार पर्यायांतून डोळे मिटून निवडले, तरी सरासरी पाव गुण पदरात पडतो आणि दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर दीड. या विद्यार्थ्याचे खरे नुकसान त्या १४ प्रश्नांत आहे. एक चूक सुधारली की पाच गुण वाढतात, म्हणजे ७० गुण एकही नवा धडा न वाचता हाताशी आहेत. हे कळण्यासाठी सराव परीक्षेपासूनच प्रश्नपत्रिकेत अंदाजाच्या प्रश्नापुढे खूण करण्याची सवय लावावी, कारण घरी आल्यावर कोणते उत्तर माहीत होते आणि कोणते ठोकून दिले, हे प्रामाणिकपणे आठवत नाही.

जाता जाता एक गोष्ट. तात्पुरत्या उत्तरसूचीतील एखादे उत्तर चुकीचे वाटले, तर प्रत्येक प्रश्नासाठी २०० रुपये भरून आक्षेप घेता येतो. ही मुदत मोजक्या दिवसांची असते आणि अनेक जण ती निव्वळ कंटाळ्याने दवडतात.

मी राज्य मंडळाचा विद्यार्थी आहे. एनसीईआरटीची पुस्तके नव्याने वाचावी लागतील का?

होय, आणि जीवशास्त्राच्या बाबतीत तर ओळ न ओळ वाचावी लागतील. ३६० गुण, म्हणजे निम्मी परीक्षा, एकट्या जीवशास्त्राची आहे आणि तेथील विधाने बहुधा एनसीईआरटीच्या वाक्यांवरून, आकृत्यांवरून व तक्त्यांवरून उचललेली असतात. उदाहरणार्थ, बहुतेक टेरिडोफायटा एकाच प्रकारचे बीजाणू तयार करतात आणि सिलॅजिनेला व साल्विनिया त्याला अपवाद आहेत, ही एक ओळ. परिच्छेद समजला म्हणून पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला तिच्यातील दोन नावे आठवत नाहीत आणि प्रश्न नेमका त्या नावांवर येतो.

अभ्यासक्रमाची सीमाही पुन्हा तपासावी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रम आटोपशीर केला आणि घन अवस्था, बहुवारिके, वनस्पतींमधील वहन, खनिज पोषण, पचन व शोषण असे भाग वगळले. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकांत मात्र घन अवस्था, बहुवारिके आणि वनस्पती व पाणी यांचे संबंध ही प्रकरणे होती, आणि जुन्या क्लासच्या नोट्समध्ये तर सगळेच असते. मोठ्या भावंडांच्या नोट्स वापरणाऱ्यांनी आधी आयोगाचा अभ्यासक्रम छापून भिंतीला लावावा. प्रायोगिक कौशल्यांवरचा भाग त्या यादीत नव्याने आला आहे, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही.

परीक्षा मराठीतून देणे फायद्याचे ठरेल का?

नीट १३ भाषांत होते आणि त्यांत मराठी आहे. मात्र भाषांतरात संदिग्धता आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जातो. बारावीपर्यंत विज्ञान इंग्रजीतून शिकलेल्याने केवळ सोपे वाटेल म्हणून मराठीकडे वळू नये, कारण परिभाषा ओळखण्यातच वेळ जातो.

वर्षभरासाठी लातूरला किंवा कोट्याला जावे, की घरीच राहून अभ्यास करावा?

याचे उत्तर तुमच्या चुकांच्या फोडीवर अवलंबून आहे. संकल्पनाच कच्च्या असतील, विशेषतः भौतिकशास्त्रात, तर शिकवणारा माणूस समोर हवा. मग तो लातूरचा असो, नांदेडचा असो की तुमच्या गावातील निवृत्त प्राध्यापक असोत. संकल्पना बऱ्या असून चुका घाईच्या व सरावाच्या असतील, तर पुन्हा पहिल्या धड्यापासून व्याख्याने ऐकण्यात आठ-नऊ महिने घालवणे हा माझ्या मते अपव्यय आहे. अशा विद्यार्थ्याला चांगली टेस्ट सिरीज, प्रत्येक पेपरनंतरचे विश्लेषण आणि आठवड्यातून एकदा शंका विचारता येईल अशी व्यक्ती पुरते. रिपीटर बॅचचे शुल्क, मेस आणि खोलीभाडे मिळून येणारा खर्च घराला झेपतो का, हा प्रश्नही पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचारावा. तो डिसेंबरात उपस्थित झाला, तर अभ्यासाचेही नुकसान होते आणि घरातल्या स्वास्थ्याचेही.

सराव परीक्षा दुपारी दोन ते पाच या वेळेतच द्याव्यात, कारण मूळ परीक्षा त्याच वेळेत होत आली आहे. वर्षभर सकाळी ताज्या डोक्याने पेपर सोडवणारा विद्यार्थी मे महिन्यातील भर दुपारी, जेवणानंतरच्या सुस्तीत आणि परीक्षा केंद्रातील उकाड्यात पहिल्यांदाच पूर्ण पेपर सोडवत असतो.

बारावीच्या गुणांचे काय? ते पुन्हा सुधारावेत का?

गुणवत्ता यादीत बारावीचे गुण धरले जात नाहीत. मात्र पात्रतेसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, आरक्षित प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात आणि इंग्रजीत उत्तीर्ण असावे लागते. ही रेषा ओलांडली असेल तर बारावीकडे पुन्हा पाहण्याची गरज नाही. ओलांडली नसेल तर मंडळाच्या श्रेणीसुधार योजनेचा अर्ज वेळेत भरावा. मात्र त्यासाठी परराज्यातून नव्याने बारावी करण्याचा मार्ग कोणी सुचवला तर सावध राहावे. महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी या दोन्ही परीक्षा सर्वसाधारणपणे महाराष्ट्रातून उत्तीर्ण असाव्या लागतात आणि अधिवास प्रमाणपत्रही लागते. याला काही अपवाद आहेत. सीमाभागातील ८६५ गावांमधील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे, परंतु आपण त्या अपवादात बसतो का, हे माहितीपुस्तिकेतील शब्द वाचूनच ठरवावे.

कागदपत्रांपैकी कोणती आत्ताच काढायला घ्यावीत?

जात वैधता प्रमाणपत्र सर्वांत आधी. ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते, अनुसूचित जमातींसाठी समिती वेगळी असते, आणि पूर्वजांच्या शाळेच्या दाखल्यातील एका अक्षराच्या फरकावरून अर्ज महिनोन् महिने अडकू शकतो. पहिल्या वर्षी ते न मिळाल्याने प्रवर्गाचा लाभ हुकला असेल, तर या वर्षातील तुमचे पहिले काम अभ्यासाचे नसून समितीच्या कार्यालयात जाऊन त्रुटीचे पत्र समजून घेण्याचे आहे. आजोबांचा प्राथमिक शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदीचा उतारा, वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कोणाचे वैधता प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत, एवढे हाती असले की निम्मी वाट सरते.

नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षातील ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते, त्यामुळे गेल्या वर्षीचे प्रमाणपत्र चालेल असे समजू नये. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रही त्या-त्या वर्षाचेच लागते. आणखी एक खाचखळगा असा, की १५ टक्के अखिल भारतीय कोट्यासाठी केंद्राची ओबीसी यादी आणि केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. राज्याच्या एसईबीसी, म्हणजे सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गाला तेथे आरक्षण नाही. दोन्ही प्रक्रियांत उतरायचे असेल तर तहसील कार्यालयातून दोन्ही नमुने एकाच वेळी मागून घ्यावेत.

बारावीनंतर एक वर्ष मध्ये गेल्यामुळे गॅपचे प्रतिज्ञापत्रही जोडावे लागेल. या काळात अन्य कोठेही प्रवेश घेतला नाही, एवढाच त्याचा आशय असतो. घेतला असेल तर ते लपवू नये.

पसंतीक्रम भरताना काय चुकते?

पहिली चूक म्हणजे यादी आखूड ठेवणे. केईएम, जेजे, बीजे आणि नागपूर एवढीच नावे भरून थांबलेल्याला पुढे नंदुरबारची किंवा गोंदियाची सरकारी जागा देऊ केली जात नाही, कारण त्याने ती मागितलेलीच नसते. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचीच मिळते, मग गाव लहान आहे म्हणून जागा सोडण्यात मला तरी शहाणपण दिसत नाही. दुसरी चूक म्हणजे गेल्या वर्षीच्या कटऑफच्या क्रमाने महाविद्यालये भरणे. क्रम तुमच्या खऱ्या आवडीचाच असावा. वरची नावे न मिळाल्याने खालच्या नावावरील तुमचा हक्क कमी होत नाही.

तिसरी चूक स्टेटस रिटेन्शनच्या अर्जाची. मिळालेली जागा कायम ठेवायची असेल, तेव्हाच तो भरायचा असतो. तो भरला की पुढच्या फेरीत तुमचा विचार होत नाही. न भरता प्रवेश घेतला आणि पुढील फेरीत वरची जागा लागली, तर आधीची जागा आपोआप रद्द होते. सायबर कॅफेतील माणसाच्या सांगण्यावरून हा अर्ज भरू नये. अखिल भारतीय कोट्याच्या शेवटच्या, म्हणजे स्ट्रे फेरीत जागा लागूनही प्रवेश घेतला नाही, तर अनामत जप्त होते आणि पुढच्या वर्षीच्या नीटला बसता येत नाही. पुन्हा तयारी करण्याचे मनात असलेल्याने त्या फेरीत नको असलेली नावे भरूच नयेत.

विदर्भ, मराठवाड्यासाठीचा ७०:३० चा नियम, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातील विद्यार्थ्यांना देण्याचा, अजून आहे का?

नाही. तो सप्टेंबर २०२० मध्ये रद्द झाला. राज्याची एकच गुणवत्ता यादी लागते.

यंदा बीएएमएस किंवा बीडीएसला प्रवेश घेऊन शेजारी नीटची तयारी करता येईल का?

येते, पण निभावणारे थोडे असतात. पहिल्या वर्षाचे शरीररचनाशास्त्र, रोजची उपस्थिती आणि अंतर्गत परीक्षा सांभाळून १८० प्रश्नांच्या परीक्षेचा वेग टिकवणे कठीण जाते. प्रवेश रद्द करण्याच्या तारखेनंतर जागा सोडल्यास शुल्क व दंडाचा भुर्दंड पडतो, मूळ कागदपत्रे अडकतात, ते वेगळेच. जो अभ्यासक्रम आयुष्यभर करायला आवडेल, त्यालाच प्रवेश घ्यावा. बीएएमएस, फिजिओथेरपी आणि पशुवैद्यक हे तिन्ही नीटच्या गुणांवरच मिळतात. पशुवैद्यकाचे प्रवेश नागपूरचे महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ वेगळे करते, आणि या अर्जाची तारीख एमबीबीएसच्या धावपळीत हमखास विसरली जाते.

मुलाखतीवर काही अवलंबून असते, असे एकही महाविद्यालय नाही का?

पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे मुलग्यांच्या ११५ आणि मुलींच्या ३० जागा असतात. नीटच्या गुणांवर बोलावणे येते, त्यानंतर इंग्रजी आकलन व तर्कशक्तीची चाचणी, मुलाखत आणि कडक वैद्यकीय तपासणी होते. पुढे सैन्यदलात सेवा बंधनकारक असते. येथे बारावी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण असण्याची आणि तिन्ही विज्ञान विषय मिळून किमान ६० टक्के गुणांची अट आहे. नीटचा दुसरा प्रयत्न त्याच्या आड येत नाही.

परदेशात जाऊन एमबीबीएस करणे हा सोपा पर्याय आहे का?

प्रवेश सोपा आहे, परतल्यानंतरची वाट सोपी नाही. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा व इंग्रजी माध्यमाचा हवा, त्याच संस्थेत १२ महिन्यांची आंतरवासिता हवी, त्या देशात व्यवसाय करण्याची परवानगी मिळण्याची पात्रता हवी, आणि भारतात परतल्यावर पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन आणखी १२ महिन्यांची आंतरवासिता करावी लागते. नीटमध्ये पात्र ठरणे येथेही आवश्यक आहे, मात्र त्यासाठी तो निकाल तीन वर्षे चालतो. दलालाच्या रंगीत माहितीपत्रकात पहिल्या वर्षाचे शुल्क ठळक असते आणि ५४ महिन्यांची अट बहुधा नसते.

खासगी महाविद्यालयाची फी परवडणार नाही म्हणून जागा सोडावी लागली. यंदा काही वेगळे होईल का?

मुलींसाठी होऊ शकते. वार्षिक आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील पात्र प्रवर्गांच्या मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ही सवलत केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या जागेलाच लागू होते, संस्था कोट्याला नाही. वसतिगृहाचा व मेसचा खर्च तिच्यात येत नाही.

मुलगा कोणाशी बोलत नाही, लग्नकार्याला येत नाही. पालक म्हणून काय करावे?

लग्नकार्याला येण्याचा आग्रह सोडावा, पण जेवायला एकत्र बसण्याचा सोडू नये. नातेवाइकांना गुणांची माहिती देणे बंद करावे. प्रत्येक सराव परीक्षेनंतर आकडा विचारण्याऐवजी महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, त्याच्यासोबत चुकांची वही पाहावी. झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल किंवा जगण्याविषयी निराशेची भाषा येत असेल, तर अभ्यास बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीतून बोलता येते.

दुसऱ्या प्रयत्नातही जागा मिळाली नाही तर तिसरे वर्ष द्यावे का?

दोन निकालांमधील क्रमांकाचा फरक पाहावा. क्रमांक भरीव सुधारून शेवटच्या सरकारी जागेच्या अगदी जवळ आला असेल, तर तिसऱ्या वर्षाला आधार आहे. दोन्ही वर्षी क्रमांक जवळपास तोच असेल, तर अभ्यासाची पद्धत किंवा अभ्यासक्रमाची निवड यांपैकी एक बदलायलाच हवी. हा निर्णय दुसऱ्या निकालाच्या संध्याकाळी घेऊ नये. बीएएमएस, फिजिओथेरपी, पशुवैद्यक आणि बी.एस्सी. नर्सिंगची स्वतंत्र सीईटी यांचे अर्ज दुसऱ्या वर्षी आधीपासूनच भरून ठेवावेत, म्हणजे त्या वेळी हातात खरे पर्याय असतील.